करुणाताईचं तिसरं कडवं

दोस्तहो, आज दुपारी उमरखेडच्या एका कार्यक्रमात यवतमाळच्या करुणाताईशेजारी बसलो होतो. ती स्वतः गाणी लिहिते, चाली लावते, गावोगावी गाते. कंपनी नाही, अल्बम नाही. आमच्याकडच्या गीतांत शेवटच्या ओळीत लिहिणाऱ्याचं नाव येतं. तिची ओळख म्हणजे तेवढंच.

मंचावर एका गायकाने तिचंच गाणं धरलं आणि शेवटी स्वतःचं नाव गुंफलं. टाळ्याही घेतल्या.

ताई उठून मंचामागे गेली. मला वाटलं, आता भांडण होणार, म्हणून मीही मागोमाग गेलो.

"भाऊ, नाव बदललं तं बदललं, पण तिसरं कडवं काहून गाळलं? त्याच्यासाठी महिनाभर झुरली मी!"

तो ओशाळला. "मले अर्धंच येते ताई. मोबाईलवर तेवढंच भेटलं."

"मंग घ्या, आता शिकून घ्या."

मांडीवर ताल धरत तिने त्याला कडवं शिकवलं. तो पुन्हा मंचावर गेला, पूर्ण गाणं गायला आणि शेवटच्या ओळीत करुणाचं नाव खणखणीत घेतलं.

माझे डोळे भरून आले. ताई पुटपुटली, "तिसऱ्या कडव्यात अजून घाई करते हा."

तुम्ही रोज गुणगुणता त्यातलं एक तरी गाणं कोणी लिहिलं, सांगता येईल?