सासूसुनांची ‘शिट्टी’

बसस्थानकावर तिला सगळे कोकिळा म्हणत, आणि म्हणणाऱ्यांपैकी एकाच्याही मनात तिच्या गळ्याबद्दल चांगला भाव नव्हता. भोंग्यातून तिचा आवाज आला की बाकांवर पेंगणारी माणसं दचकून उठत आणि समोर दिसेल त्या बसमध्ये चढत. ड्रायव्हर मंडळी म्हणत, हिला माइक देतात कशाला, उगाच वीज जाळायची! कोकिळेला त्याचं काही वाटत नसे. गाड्या पुकारणं हे तिचं काम होतं, आणि पुकारलेलं ऐकू गेलं म्हणजे काम झालं.

घरी मात्र हा आवाज बंद असे, कारण घरी सासूबाई होत्या. लग्न होऊन आली तेव्हापासून दोघींचं जमलं नव्हतं. तोंडाने भांडणं दोघींनाही कमीपणाचं वाटे, म्हणून भांडण भांड्यांमार्फत चाले. सासूबाई नाराज झाल्या की पातेल्यावर झाकण आपटत, आणि कोकिळा चिडली की नळ जोरात सोडी. या लढाईच्या मधोमध नवरा. तो काचेच्या दुकानात नोकरीला होता, लोकांच्या खिडक्यांची मापं घ्यायचा, आणि घरातही काचा पसरल्यासारखा जपून पाऊल टाकायचा.

मग सासूबाईंना मोतीबिंदू झाला. डॉक्टर म्हणाले, रक्तातली साखर आटोक्यात आल्याशिवाय ऑपरेशन नाही. आता सासूबाई कोणाच्या आटोक्यात नव्हत्या, तर त्यांची साखर कुठून येणार? त्यामुळे ऑपरेशन लांबलं आणि वाचन बंद पडलं. वाचनाची त्यांना भारी आवड. काही वाचायला नाही म्हटल्यावर त्या दिवसभर सुनेच्या मागे लागू लागल्या. शेवटी नवऱ्याने धीर गोळा केला आणि दाराच्या आडून म्हणाला, “अगं, तू आईला थोडं वाचून दाखवत जा ना.”

घरात गृहिणींसाठीचं एक मासिक येत असे. कोकिळेने ते उघडलं आणि तिला येणाऱ्या एकाच पद्धतीने वाचायला सुरुवात केली. “कपड्यांवरील! डाग! काढण्याचे! सोपे उपाय!”

“डाग काढतेस की माझा जीव?” सासूबाई कानांवर हात ठेवून म्हणाल्या.

ते मासिक सगळं शिकवणीचंच होतं. पडदे कसे असावेत, पतीचा मूड कसा सांभाळावा, मनात सकारात्मक विचार कसे आणावेत. दोनच पानांत सासूबाईंचा डोळा लागे, आणि आणखी दोन पानांनी कोकिळाही तिथेच आडवी होई. एवढा एकोपा त्या घरात पूर्वी कधी नव्हता.

एकदा पेपरवाल्याच्या हातून गफलत झाली. गृहिणींच्या मासिकाऐवजी त्याने ‘शिट्टी’ नावाचं खेळांचं पाक्षिक टाकलं. मुखपृष्ठावर चिखलात पालथा पडलेला एक फुटबॉलपटू होता.

“हे खेळांचं आलंय, आई. बदलून आणते.”

“आता उन्हात कुठे जातेस? वाच. त्या डागांपेक्षा वाईट काय असणार आहे?”

कोकिळेने वाचलं. एका सामन्यात गोलरक्षक बुटाची नाडी बांधायला वाकला आणि चेंडू त्याच्या डोक्यावरून जाळ्यात गेला. खाली वार्ताहराने लिहिलं होतं, ‘नाडी मात्र उत्तम बांधली गेली.’

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. मग त्यांचे खांदे हलू लागले. कोकिळा घाबरली, पाणी आणायला उठली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की बाई हसतायत. सासूबाई हसतात हे तिला ठाऊकच नव्हतं. “पुन्हा वाच ते, नाडीचं,” त्या डोळे पुसत म्हणाल्या.

पेपरवाल्याला सांगितलं की आता हीच चूक कायम करत जा.

‘शिट्टी’चं वैशिष्ट्य म्हणजे तिला कोणाला थोर करण्याची घाई नव्हती. जिंकणाऱ्याला चार ओळी, आणि हरणाऱ्याला पानभर. बदली खेळाडूंच्या बाकावर बसून म्हातारा झालेल्या एकाची मुलाखत असे, भाल्याऐवजी स्वतःच पुढे जाऊन पडलेल्या बाईचा फोटो असे. एका निवृत्त पंचाचं सदर होतं. आयुष्यात आपला एकही निर्णय चुकला नाही, हे तो दर अंकात नव्याने सिद्ध करायचा. सासूबाईंना तो देवमाणूस वाटे. कोकिळेला तो भेटला असता तर तिने त्याला भोंग्याखाली उभं केलं असतं. गृहिणींच्या मासिकात सगळं कसं असावं ते छापायचे, ‘शिट्टी’त कसं झालं ते. आणि झालेलं बहुतेक वेळा फसलेलंच असे. सकाळी दूध उतू घालवून, दुपारी चुकीच्या फलाटावर गाडी पुकारून घरी आलेल्या बाईला त्यात फार बरं वाटायचं.

हळूहळू कोकिळा रंगात येऊन पदरची भर घालू लागली. रेषेवर झेंडा धरणारा लाइनमन नुसता चुकला असेल तर ती त्याला मोठं पोट द्यायची. कोरड्या मैदानावर पाऊस पाडायची. सासूबाईंनी गोदी कामगारांचा संघ आपला मानला होता, कारण तो नेहमी तळाला असे आणि त्याला कोणी वाली नव्हता. त्या संघाच्या पराभवांना तर कोकिळा अशी फोडणी द्यायची की ऐकणाऱ्याने जेवण सोडावं.

नवरा एकदा कामावरून आला तर आतून आवाज, “डोळे फुटले होते का मेल्याचे!” “त्याचे नाही, तुमच्या त्या पंचाचे फुटलेत!” तो तसाच उलट्या पावली जिना उतरला आणि कोपऱ्यावर चहा पीत बसला. भांडण एका पेनल्टीवरून होतं, हे त्याला कोणी सांगितलंच नाही.

मग वन्सं आल्या. वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, आणि सगळ्या घराण्याच्या मनःशांतीची जबाबदारी तिच्यावर. त्या दारात आल्या तेव्हा कोकिळा महिलांच्या बॉक्सिंगचं वर्णन वाचत होती.

“आईला या वयात हे ऐकवतेस?”

“वन्सं, आईंनीच...”

“गप्प बस गं,” सासूबाई लेकीला म्हणाल्या. “तिचा जबडा मोडलाय. पुढे काय झालं ते ऐकू दे.”

वन्संनी तिथल्या तिथे आईची बॅग भरली. महिनाभर माझ्याकडे राहा, मीठ-साखर बंद करू, रोज सुविचार वाचू. सासूबाईंनी खूप आरडाओरडा केला, पण लेकही त्यांचीच होती.

घर शांत झालं. नवा अंक आला. गोदीवाल्यांचा हंगामातला शेवटचा सामना त्यात होता, हरले तर खालच्या गटात रवानगी. कोकिळेने मनातल्या मनात वाचायचा प्रयत्न केला, पण मजा येईना. लाइनमनला पोट द्यायचं तरी कोणासाठी? अंक पर्समध्ये टाकून ती कामावर जाऊ लागली.

एका दुपारी तिच्या केबिनचं दार ढकलून एक कंडक्टर आत आला. त्याच्या हाताला धरून सासूबाई, दुसऱ्या हातात बॅग.

“आई! तुम्ही एकट्या?”

“बस थांबली आणि तुझा आवाज आला. म्हटलं, आलं आपलं गाव. असा फाटका गळा दुसरीकडे कुठे असणार?”

“वन्संना सांगून आलात ना?”

“सांगितलं की. ती अंघोळीला गेली होती, दाराबाहेरून सांगितलं.” सासूबाईंनी खुर्ची चाचपली आणि बसल्या. “गोदीवाले राहिले की गेले?”

“घरी जाऊन वाचते ना.”

“आत्ता वाच. त्या सुविचारांनी मला विटवलंय.”

पुढची गाडी पुकारायला थोडा वेळ होता. कोकिळेने माइकचं बटण बंद केलं, निदान तिला तसं वाटलं, आणि अंक उघडला. मध्ये कितीतरी दिवस गेल्यामुळे तिच्या पोटात भर साठली होती. तिने मैदानावर पाऊस पाडला. गोलरक्षकाच्या आईला प्रेक्षकांत बसवून रडवलं. गोदीवाल्यांनी बरोबरीचा गोल केला तेव्हा बाहेर आरडाओरडा झाला. तिला वाटलं, गाडी लागली असेल.

गाडी लागली नव्हती. होत्या त्याही निघाल्या नव्हत्या. सगळं स्थानक भोंग्यांकडे मान वर करून उभं होतं.

शेवटच्या मिनिटाला पेनल्टी मिळाली. संघातला सगळ्यात वयस्कर खेळाडू पुढे झाला, आणि आगारप्रमुख केबिनमध्ये घुसले.

“बाई! माइक!”

“अहो, पेनल्टी राहिलीय!” सासूबाई ओरडल्या.

आगारप्रमुखांनी बटण खटकन बंद केलं. बाहेरून अशी शिव्यांची फैर आली की त्यांनी दारही लावून घेतलं. गोष्ट रचलेली असती तर त्यांनी आता हळूच विचारलं असतं, पुढे काय झालं? त्यांनी तसलं काही विचारलं नाही. त्यांना खेळाचा तिटकारा होता, गाड्या खोळंबल्या होत्या, आणि एका प्रवासी बाईंची तक्रार येऊन पडली होती. त्यांनी कोकिळेला माइकवरून काढून हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत बसवलं, छत्र्यांच्या सोबतीला.

घरी जाताना रस्त्यात सासूबाईंनी विचारलं, “मग?”

“चेंडू बारवरून गेला, आई. उतरले खाली.”

सासूबाईंनी बॅग या हातातून त्या हातात घेतली. “जाऊ देत. तिथे तरी जिंकतील कुठे.”

माइकवर आता एक नवी मुलगी बसली. आवाज मधासारखा. ती इतकं गोड पुकारायची की लोक ऐकत ऐकत झोपी जात आणि त्यांच्या गाड्या निघून जात. तक्रारींचा पाऊस पडला. शेवटी आगारप्रमुख स्वतः छत्र्यांच्या खोलीत आले आणि म्हणाले, “चला, बसा जागेवर.” माफी ना माघार. कोकिळेनेही मागितली नाही. तिने पहिलीच गाडी अशी पुकारली की पत्र्यावरची कबुतरं उडाली.

इकडे वन्संच्या घरच्या बेचव जेवणाने आपलं काम केलं होतं. सासूबाईंची साखर उतरली आणि ऑपरेशन झालं. नवा चष्मा नाकावर चढताच त्यांनी ‘शिट्टी’चे सगळे जुने अंक पुढ्यात घेतले. कोकिळा उगाच ओट्याशी भांडी इकडून तिकडे करत राहिली.

“अगं,” बऱ्याच वेळाने हाक आली. “त्या लाइनमनचं पोट इथे दिसत नाही कुठे.”

“नसेल छापलं.”

“आणि शेवटच्या सामन्यातला पाऊस?”

कोकिळेने घासलेलं पातेलं पुन्हा घासायला घेतलं.

“गोलरक्षकाची आई?”

“ती मी बसवली.”

सासूबाईंनी चष्मा काढून पुसला. आता कौतुक होणार, अशी एक वेडी आशा कोकिळेच्या मनात डोकावली.

“ज्या गोष्टीसाठी तू अर्धा तास दळत होतीस, ती या माणसाने एका ओळीत मारलीय,” सासूबाई म्हणाल्या. “फार बरा लिहितो. चांगल्या वाचनात उगाच हात घालत जाऊ नकोस.”

“मग वाचा तुमचं तुम्ही!”

“वाचीनच. आणि तूही बस इथे. दिवसभर ओरडून आलीस, जरा घशाला विश्रांती दे.”

तेव्हापासून वाचायचं काम सासूबाईंकडे गेलं. कोकिळा कामावरून येऊन पाय वर घेऊन बसते, आणि त्या बोट फिरवत, अडखळत, आपल्या लाडक्या पंचाला मारलेले टोमणे चलाखीने गाळत वाचतात. कोकिळेने मागून डोकावून हे पकडलं आहे. परवाचा टेबल टेनिसचा अंतिम सामना सासूबाईंनी तिसऱ्या गेमपर्यंत आणला, तिथे एका सर्व्हिसवरून दोघींची जुंपली. नवरा दोघींमध्ये चहाचे कप ठेवून गेला, त्यावर साय धरली. सामना कोणी जिंकला ते दोघींनाही अजून माहीत नाही.