यानाला सुट्टी देणारी कॅप्टन

काल आमची कॅप्टन गेली.

आकाशात नाही. इथेच, हुबळीच्या हॉस्पिटलात, नर्सकडे साखर घातलेला चहा मागून.

नीलाअक्का. नाव कदाचित आठवणार नाही, पण चंदेरी जॅकेट नक्की आठवेल. रविवारी सकाळी लागायची ती कन्नड सायन्स फिक्शन सिरीयल. त्यातल्या यानाची कॅप्टन म्हणजे आमची अक्का.

ते यान बेंगळूरच्या स्टुडिओत होतं असं अजून लोकांना वाटतं. ते इथेच हुबळीजवळ, तारिहाळच्या कारखान्यांमधल्या एका चालू वर्कशॉपच्या शेडमध्ये होतं. प्लायवूडचं. कॅप्टनची खुर्ची म्हणजे जुन्या बसची सीट, आणि समोरच्या पॅनेलवर मिक्सरची बटणं.

पत्र्याखाली असा उकाडा की विचारू नका. मी असिस्टंट डायरेक्टर होते. म्हणजे कॅप्टनचा घाम पुसायचे.

अक्काचं माहेर धारवाडच्या केलगेरीचं. वडील शाळामास्तर. "बी.एस्सी. केलीस ते हे लाकडाचं विमान उडवायला?" असं म्हणायचे, आणि रविवारी सगळ्यांच्या आधी टीव्हीसमोर बसायचे.

तिथल्या तळ्यावर फिरायला गेलं की बायका तिच्या आईला विचारायच्या, "मुलगी परत आली काय हो आकाशातनं?"

पण अक्काला त्या सीटवर बसायचंच नव्हतं. तिला डायरेक्शन करायचं होतं.

दर वेळी चॅनलच्या साहेबांचं उत्तर ठरलेलं. "मॅडम, तुम्ही सीटवरच छान दिसता."

अक्का फोन ठेवायची आणि मला म्हणायची, "बघ, फर्निचर समजतायत मला."

मग एकदा आमचा डायरेक्टर सिनेमा मिळाला म्हणून मध्येच निघून गेला. एपिसोड दुसऱ्या दिवशी पोचवायचा होता. साहेब नाइलाजाने म्हणाले, "हा एक करून दाखवा. नाही जमलं तर इकडून माणूस पाठवतो."

म्हणजे जे काय व्हायचं ते त्या एका दिवसात.

आणि तो दिवस नेमका खंडेनवमीचा.

आम्ही सकाळी शेडमध्ये पोचलो तर कामगारांनी सगळ्या यंत्रांची पूजा उरकलेली. वेल्डिंग सेट, कटर, ड्रिल. आणि आमचं यान. नाकावर हळदकुंकू, पॅनेलवर झेंडूची माळ, दारात फोडलेला कोहळा.

त्या दिवशीची स्क्रिप्ट काय होती? उल्कांच्या पावसातून यान पळवायचं. नुसती बटणं आणि दांडे.

परशुअण्णा शेडचे फोरमन, मूळचे बेळगावकडचे. दारातच उभे राहिले. "पूजा झालीय अक्का. आता उद्यापर्यंत हात लावायचं नाही बघा."

प्रोड्यूसर तापले. "अहो, प्लायवूड आहे ते!"

परशुअण्णा शांतपणे म्हणाले, "मग कॅप्टन पण प्लायवूडचीच काय?"

मी अक्काकडे बघितलं. वाटलं, आता रडेल. इतकी वर्षं वाट बघितली आणि हे असं.

ती बसच्या सीटवर जाऊन बसली. माळेकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "जुनी स्क्रिप्ट ठेव बाजूला. लिही. आज यान थांबलंय."

"का थांबलंय?"

"सण आहे म्हणून. दुसरं काय कारण पाहिजे?"

"आणि बेंगळूरनं आलेला कॅमेरा? तो पण यंत्रच की."

हा प्रश्न परशुअण्णांनीच सोडवला. "कॅमेरा आमच्या शेडचा नाही. त्याचं पाप बेंगळूरला."

अख्ख्या एपिसोडमध्ये यान हललं नाही. कॅप्टन इंजिन बंद करते. घाबरलेला पायलट विचारतो, आता काय? ती पॅनेलवरच्या माळेला हात न लावता म्हणते, "इवत्त मशीनक्क सूटी." आज मशीनला सुट्टी.

मग सगळे खाली मांडी घालून बसतात आणि प्रसादाचे चुरमुरे खातात. प्रत्येकजण आपल्या घरात आई कशाची पूजा करायची ते सांगतो. कुणाची शिलाई मशीन, कुणाची सायकल. परशुअण्णांनाही अक्काने यानाचा इंजिनियर म्हणून बसवलं, मेकअपशिवाय. त्यांनी लेथवर बोट गमावलेल्या आपल्या वडिलांची गोष्ट सांगितली. ती स्क्रिप्टमध्ये नव्हती. कुणी कट म्हणालं नाही.

एपिसोड गेला. साहेबांचा फोन आला. म्हणाले, "पुढचा कधी करताय?"

अक्का पुन्हा सीटवर बसली नाही.

पुढे सिरीयली केल्या, टेलिफिल्म केल्या. सेटवर आवाज असा की मी मी म्हणणारे हिरो गप्प. पण स्पॉटबॉय जेवला का हे विचारल्याशिवाय स्वतः ताटाला हात लावायची नाही. भाजीबाजारात अजून कुणीतरी मिशीवाला बाप्या तिला कडक सॅल्यूट ठोकायचा, आणि ही कोथिंबिरीची जुडी हातात धरून उलट सॅल्यूट ठोकायची.

गेल्या आठवड्यात ॲडमिट झाली तेव्हा नवीन टेलिफिल्मचं एडिटिंग चालू होतं, देशपांडे नगरच्या घरी. स्ट्रेचरवरून मला म्हणाली, "मशीन चालू आहे. बंद करू नको. येते मी."

मी बंद केलं नाही. रोज जाऊन बघून यायचे.

आज सगळं आटोपून तिच्या घरी गेले. खोलीत कुणी नाही आणि कम्प्युटरचा पंखा आपला घरघरतोय. स्क्रीनवर तिने अर्धवट सोडलेला सीन तसाच.

तिथेच बसून पोटभर रडले.

मग तिच्या देव्हाऱ्यातलं हळदकुंकू आणलं. मशीनला लावलं. खंडेनवमी नाही, माहिती आहे. परशुअण्णा असते तर "चालतंय" म्हणाले असते.

आणि बंद केलं.

इवत्त मशीनक्क सूटी, अक्का.

उद्या सकाळी परत चालू करते. तुझा सीन पुरा करायचाय.

ये आता. माझा सॅल्यूट.