पिशवीबाई

आमच्या औषधशास्त्राच्या बाई पेशंटचं नाव विचारायच्या आधी पिशवी मागत. "पिशवी आणलीय ना? दाखवा बघू." पेशंट बिचारा गोंधळायचा. एकदा एका आजींनी भाबडेपणानं सांगितलं, "मेथी हाय बाई, आन् थोडी कोथमीर." बाई खो खो हसल्या, मेथीची जुडी हुंगून "ताजी आहे हो" म्हणाल्या आणि तिच्याखाली दडलेली गोळ्यांची पाकिटं एकेक करून टेबलावर मांडली. तेव्हापासून नाशिकच्या आमच्या कॉलेजात त्या पिशवीबाई झाल्या. हे नाव त्यांच्या कानावर गेलं होतं आणि मनातून त्यांना ते आवडलंही होतं.

औषधशास्त्र हा खरं तर दुसऱ्या वर्षाचा विषय. परीक्षा संपली की मुलं पुस्तक माळ्यावर टाकतात. पण बाई आमची पाठ सोडत नसत. आम्ही इंटर्न झालो तरी त्या अधूनमधून ओपीडीत येऊन उभ्या राहायच्या. चण लहान, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, आवाज मात्र देवळालीच्या तोफेचा. त्या आवाजात आमची चिठ्ठी सगळ्यांदेखत वाचायच्या आणि प्रत्येक औषधापाशी अडायच्या. "हे कशासाठी?" आम्ही चाचरलो की म्हणायच्या, "तुलाच सांगता येत नाही, तर त्यानं का गिळायचं?"

एकदा नांदगावकडचे एक काका आले. "लय खोकला हाय डॉक्टर. कोरडा. झोपू देत नाय." त्यांनी खोकल्याच्या औषधाच्या बऱ्याच बाटल्या रिचवल्या होत्या आणि माझा मित्र नवी लिहीत होता. बाईंनी काकांच्या पाकिटांतून रक्तदाबाची गोळी उचलली. "ही केव्हापासून घेता?" काकांनी आठवून सांगितलं. "आणि खोकला?" काका थबकले. "आता तुम्ही म्हणताय तर... त्याच्या मागनंच लागला की." बाईंनी मेडिसिनच्या सरांशी बोलून ती गोळी बदलून घेतली. पुढच्या खेपेला काका न खोकता तासभर गप्पा मारून गेले. बाई आम्हाला म्हणाल्या, "औषध सुरू करायला पेन पुरतं. बंद करायला डोकं लागतं."

पण तो आवाज मी एकदाच खाली आलेला ऐकला. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले एक गृहस्थ तोंड आलं म्हणून आले होते. पाणीही गिळवत नव्हतं. अंगात ताप. बाईंनी पाकिटं पाहिली, त्यातलं संधिवाताचं एक हातात धरलं आणि हळूच विचारलं, "ही गोळी कधी घेता?"

"रोज. सकाळी चहाबरोबर. एकदाही चुकवली नाही मॅडम."

ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर रक्त तयार होणंच थांबतं. त्यांना लगेच भरती केलं, त्या गोळीवर उतारा म्हणून औषध सुरू झालं. पेशंट बाईंचा नव्हता, तरी रोज त्या वॉर्डात जाऊन त्यांच्या रक्ताचे रिपोर्ट बघायच्या. पेशी वाढू लागल्या, तेव्हा जिन्यातच त्यांनी आम्हाला पेढे वाटले.

आम्ही आधीच्या डॉक्टरांना नावं ठेवायला लागलो, तर बाईंनी अडवलं. "चिठ्ठीत चूक नाही. आठवड्यातून एकदा असंच लिहिलंय, पण इंग्रजीत. तोंडानं कुणी सांगितलं नाही आणि त्यांना काय कळलं हेही कुणी विचारलं नाही."

पुढे सगळ्या तपासण्या करून ते औषध कमी डोसनं पुन्हा द्यायचं ठरलं. बाईंनी माझ्याकडून मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं: फक्त सोमवारी. मग त्या गृहस्थांना म्हणाल्या, "आता तुम्ही मला समजावून सांगा."

ते म्हणाले, "सोमवारी महादेव आणि गोळी. एरवी नुसता महादेव."

बाईंच्या हसण्यानं अख्खा वॉर्ड जागा झाला.

आता बाई निवृत्त आहेत आणि मी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आहे. गेल्या वर्षी एक बाळंतीण आली. तिला फिट्स यायच्या आणि त्यासाठी गोळी चालू होती. ते विष दुधातून बाळाला जाईल, असं शेजारणीनं डोक्यात भरवल्यामुळे सासू म्हणत होती, "येक तर गोळी तरी बंद करा, न्हाय तर दूध." पोरगी बाळाला घट्ट धरून रडत होती. गोळी सोडली तर फिट यायची भीती. दूध तोडावं, तर बाळ जेमतेम वजनाचं. मला नक्की आठवेना. मी बाईंना फोन लावला.

त्यांनी औषध, डोस, बाळ किती दिवसांचं, सगळं विचारून घेतलं आणि म्हणाल्या, "मलाही खात्री नाही गं. बघून सांगते."

थोड्या वेळानं फोन आला. दूध चालेल, गोळी मुळीच थांबवायची नाही. बाळ पेंगतंय का, नीट ओढतंय का, वजन वाढतंय का, एवढं बघत राहा.

मी म्हटलं, "बाई, तुम्हालाही बघावं लागतं?"

"अगं, डोक्यात आहे असं वाटतं ना, तेव्हाच जास्त बघावं लागतं."

मी बाहेर येऊन त्या पोरीला सांगितलं, "गोळी घे आणि बाळाला पाज." सासूनं माझ्याकडे निरखून पाहिलं, मग स्वतःच तिच्या पाठीशी उशी सरकवली. पोरीनं भिंतीकडे तोंड केलं, पदर ओढला. रडून लाल झालेलं बाळ थोडा वेळ धुसफुसलं आणि मग एकदम शांत झालं.