उतरायची उंची

उबाल्दो मोन्द्रागोनच्या कामाचं कौतुक करायचं तर गाडीखाली पाठीवर झोपावं लागतं, आणि एवढी तसदी कोण घेतो? एस्पान्योला गावात जमिनीला पोट टेकवून डुलत जाणाऱ्या गाड्यांना तोटा नाही. रविवारी दुपारी मोठ्या रस्त्यावर त्यांची रांग लागते. लोक रंग बघतात, चकचकीत चाकं बघतात आणि पाठ थोपटतात रंगाऱ्याची. गाडी इतकी खाली बसावी म्हणून जिची हाडं कापून पुन्हा सांधावी लागतात, ती चासी, गाडीचा लोखंडी सांगाडा, कोणाच्या नजरेस पडत नाही. "नवरीचा झगा सगळे बघतात, मणका कोण बघतो?" असं म्हणून शेजारच्या शेडमधला रंगारी तेलेस्फोर त्याला चिडवायचा. तेलेस्फोरची अख्खी भिंत बक्षिसांनी भरलेली, त्यामुळे त्याला असं बोलणं परवडत होतं.

उबाल्दोला राग यायचा नाही असं नाही. यायचा, पण मग तो ग्राइंडर सुरू करायचा आणि राग ठिणग्यांबरोबर बाहेर पडायचा. अठ्ठावन्न वर्षांचा, आडव्या अंगाचा हा माणूस शब्द जपून वापरायचा आणि लोखंड मात्र सढळ हाताने. खिशात टेप असूनही बोटांनी मोजायचा. गाडी खाली बसवली की खड्ड्यात मागचा अ‍ॅक्सल उसळून चासीला धडकतो. म्हणून अ‍ॅक्सलच्या बरोबर वर चासीतून अर्धचंद्राच्या आकाराचा तुकडा कापून काढायचा. कापल्याने आलेली कमजोरी जाड पट्टी वाकवून, वेल्ड करून भरून काढायची, आणि चासीची उघडी बाजू बंद करून तिची पेटी बनवायची. बाकीचे कारागीर लागेल तेवढंच कापत. उबाल्दो लागेल त्याहून दोन बोटं जास्त कापायचा आणि वर दुप्पट लोखंड चढवायचा. "दोन बोटं देवाची," म्हणायचा. ही सवय त्याला फिलादेल्फियोने लावली होती. फिलादेल्फियो म्हणजे त्याचा पद्रिनो, बाप्तिस्म्याला त्याला हातावर घेणारा धर्मपिता. पुढे त्याच्या हाती वेल्डिंगचा दांडा देणाराही तोच. दोन वर्षांपूर्वी तो वारला.

मार्चमधल्या एका सकाळी फिलादेल्फियोची बायको प्रुदेन्सिया, म्हणजे उबाल्दोची मद्रिना, धर्ममाता, शेडमध्ये आली. चौऱ्याहत्तर वर्षांची, उंचीने जेमतेम खिडकीपर्यंत, आणि गुडघे दोन्ही संपावर गेलेले. तिने किल्ल्या टेबलावर आपटल्या.

"पोरा, ट्रक खाली बसव."

"कुठला ट्रक, मद्रिना?"

"माझ्याकडे काय ताफा आहे? फिलादेल्फियोचा."

उबाल्दोला ऐकू आलं ते खरं वाटेना. तो छोटा हिरवा पिकअप गेली चाळीस वर्षं गाव पाहत होतं. चालवायची प्रुदेन्सियाच. फिलादेल्फियो तिला रोज कमरेला धरून वर उचलायचा, स्टिअरिंगमागे बसवायचा, मग वळसा घालून शेजारी जाऊन बसायचा. चर्चच्या अंगणात तर पोरंटोरं ते बघायला थांबायची. तो गेल्यावर तिने स्टूल ठेवून चढायचा प्रयत्न केला, स्टूल कलंडलं आणि मनगट मोडलं. तेव्हापासून ट्रक अंगणात उभा होता.

"ओदेलिया मला डेन्व्हरला न्यायला टपली आहे," ती म्हणाली. ओदेलिया तिची एकुलती एक मुलगी. "म्हणते, दुकानात जायला शेजाऱ्यांचं तोंड बघावं लागतं, मग इथे राहतेस कशाला? मी म्हटलं, सान इसिद्रोच्या सणाला ये. यंदा ला मेसिताच्या चापेलची मायोर्दोमा मी आहे, सणाची सगळी व्यवस्था माझ्याकडे. मूर्ती ट्रकच्या हौद्यात ठेवून शेतांतून मी फिरवणार. मी माझी चढले, माझी उतरले, कोणी हात लावला नाही, तर डेन्व्हरचं नाव पुन्हा काढायचं नाही."

"आणि नाही जमलं तर?"

"तर जाईन. शब्द दिलाय." तिने किल्ल्या त्याच्याकडे सरकवल्या. "सतराव्या मजल्यावर घर आहे तिचं. तिथे मिरची कुठे वाळवू, सांग."

निघताना तिने बोट उगारलं. "आणि ट्रक नाचता कामा नये. ते बटण दाबून गाड्या बेडकासारख्या उडवतात, तसलं काही नको. मागे देव बसणार आहे. त्याला उचकी लागायची."

उबाल्दो कामाला लागला. चासी उघडी केली, चारही कोपरे सपाटीत आणले, कापण्याआधी आडव्या दांड्या ठोकून तिला जखडलं, म्हणजे ताणाने वाकडी होणार नाही. मग अर्धचंद्र कापले, अर्थातच दोन बोटं जास्त. वेल्डिंग बोटभर इकडे, बोटभर तिकडे, मध्ये थंड होऊ देत. घाई केली तर लोखंड तापून रुसतं. पुढच्या स्प्रिंगा बदलल्या, मागे अ‍ॅक्सल कमानपाट्यांच्या वर घेतला. ट्रक असा खाली आला की दाराचा उंबरा उबाल्दोच्या पोटरीच्याही खाली. तेलेस्फोर फडकं खांद्यावर टाकून बघायला आला आणि पहिल्यांदाच त्याने रंगाचा विषय काढला नाही.

"सुंदर," तो म्हणाला. "आणखी एक बोट खाली जाईल का?"

हीच तर या लोकांची खोड. खाली म्हणजे चांगलं, आणखी खाली म्हणजे आणखी चांगलं. याच्या पलीकडे विचार जात नाही. उबाल्दोने आणखी एक बोट खाली घेतलं.

सणाला आठ दिवस राहिले असताना चाचणी झाली. प्रुदेन्सिया चर्चचे बूट घालून आली. तिने पाठ वळवली, टेकली, पाय आत घेतले. झालं! कोणी उचललं नाही की ढकललं नाही. तेलेस्फोरने टाळ्या वाजवल्या. तिने स्टिअरिंगवरून हात फिरवला आणि तिचे डोळे भरून आले. उबाल्दो उगाचच पाना पुसत राहिला.

"चल, उतर आता, मद्रिना. कॉफी ठेवलीय."

तिने पाय बाहेर काढले. जोर लावला. काही झालं नाही. पुन्हा लावला. गुडघे छातीशी, सीट चाळीस वर्षांची खचलेली, आणि बाई त्यात बशीतल्या अंड्यासारखी.

"हात देऊ?" उबाल्दो पुढे झाला.

"हात लावलास तर याद राख!"

"मग काय करायचं?"

"काही नाही. मी बसते. कॉफी इकडे आण."

कॉफी आली, बिस्कोचितो बिस्किटं आली. तिने चार खाल्ली. अर्धा तास गेला. तेलेस्फोर म्हणाला, "प्रुदेन्सियाबाई, उशी आणू का? की पत्ताच बदलून टाकायचा?" त्याच्या अंगावर अर्धं बिस्कीट आलं. पण उबाल्दोला हसू येत नव्हतं. अख्ख्या आयुष्यात त्याने बसवलेली एकही चासी तडकली नव्हती, आणि आज चासी शाबूत होती, पण मद्रिनाचं घर हातचं जात होतं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, म्हणतात ते हेच.

शेवटी त्याने जॅक ओढत आणला. "तुला हात लावत नाही. ट्रकला तर लावू शकतो?" तिने नाक मुरडलं, पण नाही म्हणाली नाही. तो चासीखाली जॅक लावून दांडा दाबत गेला. ट्रक बोटाबोटाने वर येऊ लागला. तिचे गुडघे हळूहळू सरळ होत गेले.

"थांब!" ती ओरडली. पाय सरळ झाले होते, टाचा जमिनीवर होत्या. ती सीटवरून अलगद घसरली आणि दोन पायांवर उभी राहिली.

उबाल्दो जॅकचा दांडा धरून तसाच बघत राहिला. "मद्रिना, पद्रिनो तुला उचलून बसवायचा ते सगळ्या गावाने पाहिलंय. उतरवायचा कसा?"

"उतरवायचा कुठे? माझी मी उतरायची. अशीच घसरून."

"मग हे आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कधी? तुम्हाला सगळ्यांना खाली आणायचंच ठाऊक."

खरंच होतं. चढताना तिला सगळ्यांनी पाहिलं होतं. उतरताना बघायला कोणी थांबलंच नव्हतं. तिला बसायला ट्रक खाली हवा होता आणि उतरायला वर. एक उंची पुरणार नव्हती. उबाल्दोने जॅकचा दांडा खाली ठेवला आणि जे बोलायचं नव्हतं ते बोलला.

"हवेच्या पिशव्या बसवाव्या लागतील. बटणावर वर-खाली."

"म्हणजे नाचणार!"

"नाचणार नाही. फक्त गुडघे टेकणार आणि उठणार. तुझे थकलेत ना? मग त्याचे वापर."

तिने ट्रकच्या दारावर टिचकी मारली. "उठायला किती वेळ लागेल?"

"एक नमो मारियाची प्रार्थना म्हणून होईल एवढा."

"भराभर म्हटलेली की नीट?"

"नीट."

"बसव मग."

आठ दिवसांत चासी पुन्हा कापून बांधणं कोणाच्या बापाला जमलं नसतं. पिशव्यांमधली हवा सोडली की ट्रक आधीपेक्षाही खाली बसणार, आणि अ‍ॅक्सलला वर सरकायला आणखी जागा लागणार. उबाल्दो खाली शिरला आणि मोजलं. एक बोट. दुसरं बोट. जागा होती. देवाची म्हणून सोडलेली दोन बोटं देवाने परत केली होती. त्याने कमानपाटे काढले, अ‍ॅक्सलला नवे दांडे लावले, पिशव्यांच्या बैठका त्या दुप्पट लोखंडावर वेल्ड केल्या. तेलेस्फोर न बोलावता आला आणि आठ दिवस हवेच्या नळ्या ओढत बसला. वेग इतका मंद ठेवला की तेलेस्फोर म्हणाला, "अरे, हा उठतोय की पाव फुगतोय?"

सणाच्या सकाळी ओदेलिया आली. शांत, नीटनेटकी बाई, आईवर जीव असलेली, म्हणूनच हट्टाला पेटलेली. तिच्या गाडीच्या मागच्या सीटवर सामान भरायची रिकामी खोकी घडी करून ठेवली होती. प्रुदेन्सियाने ती पाहिली आणि पाहिली नाही असं दाखवलं.

ट्रकच्या हौद्यात फुलांत शेतकऱ्यांचा संत सान इसिद्रो, त्याचे लाकडी बैल आणि छोटा नांगर. प्रुदेन्सियाने पाठ वळवली, टेकली, पाय आत घेतले. ट्रक दोन बोटं वर उठला आणि निघाला. पाण्याच्या पाटाकाठाने, हिरव्या कोवळ्या शेतांतून, मागे गाणी म्हणत चालणारी माणसं. पाटावरच्या उंचवट्यावर उबाल्दोने वाकून चाकांकडे पाहिलं. ट्रक हलकेच वर-खाली झाला. कुठे काही टेकलं नाही, की कुरकुरलं नाही. देवाला उचकी लागली नाही.

चापेलच्या दारात ट्रक थांबला. गाणं थांबलं. प्रुदेन्सियाने दार उघडून पाय बाहेर काढले, आणि ओदेलिया सवयीने पुढे झाली.

"मागे हो, मिहा, पोरी," आई म्हणाली.

तिने बटण दाबलं आणि मोठ्याने नमो मारिया सुरू केली. लोकांना वाटलं हाही विधीच आहे, त्यांनी सूर धरला. ट्रक उठत गेला, ती उठत गेली. 'आमेन' झालं तेव्हा तिचे पाय सरळ झाले होते, टाचा जमिनीवर होत्या. ती घसरली, उभी राहिली, झगा झटकला आणि सरळ आत मेणबत्त्या लावायला निघून गेली. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. उबाल्दोच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्याला पुसायचं भान नव्हतं.

ओदेलिया मात्र तिथेच उभी. "हे सगळं धरलंय कशाने? आई रोज यात बसणार. मला बघायचंय."

"दिसायचं नाही असं," उबाल्दो म्हणाला. "खाली झोपावं लागेल."

आणि सणाचा निळा झगा घातलेली ती बाई सगळ्या गावासमोर गवतात पाठीवर झोपली आणि ट्रकखाली सरकली. बराच वेळ नुसते तिचे बूट दिसत होते. मग आतून आवाज आला, बदललेला.

"उबाल्दो... हे खवल्या-खवल्यांचं वेल्डिंग. हे तर पप्पांचं."

"त्यांनीच शिकवलं," तो म्हणाला.

तेलेस्फोरने टोपी काढली, जरा इकडेतिकडे पाहिलं आणि आपला धुतलेला पांढरा सदरा न सांभाळता तोही बाजूने गवतात आडवा झाला.

ओदेलिया बाहेर आली तेव्हा केसांत गवत होतं आणि डोळे लाल. चापेलच्या दारात प्रुदेन्सिया तिची वाट बघत उभी होती.

"खोकी रिकामीच परत नेते, आई," ओदेलिया म्हणाली.

"रिकामी कशाला?" प्रुदेन्सिया म्हणाली. "घरी चल. लाल मिरच्या भरून देते. ट्रकमधून जाऊ, मी चालवते."