हुरड्याला जाताना पुढची सीट

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, हुरडा पार्टी कशी झाली? फोटोत सगळ्या काय मस्त हसताय!" मी "छान झाली" म्हटलं आणि तुमच्या परीक्षेचा विषय काढला. तुमचे आईबाबा शेजारी बसलेले होते, तिथे सांगण्यासारखं ते नव्हतं. आता निवांत बसून पहिल्यापासून लिहिते.

हुरडा तुम्ही एकदाच खाल्लाय, तोही पाकिटातला. ज्वारीची कोवळी कणसं गोवऱ्यांच्या आरात भाजायची, गरम असतानाच तळहातावर चोळायची आणि हिरवे दाणे शेंगाचटणीबरोबर तिथेच शेतात बसून खायचे. थंडीतले थोडेच दिवस हे जमतं. आम्हा चौघी मैत्रिणींचं हे किती वर्षं ठरत होतं! एका वर्षी करोना आला. पुढच्या वर्षी एकीचा गुडघा बदलला. त्यानंतर दुसरी लेकीच्या बाळंतपणाला कॅनडात गेली. या वर्षी मात्र शनिवार-रविवार ठरला आणि कोणाचंच काही मोडलं नाही.

चौघी म्हणजे मी, बँकेतून निवृत्त झालेली एक, आणि जिच्या भावाची सांगोल्याच्या पलीकडे डाळिंबाची बाग आहे ती एक. चौथी गाडीवाली. ती सोलापूरच्या पूर्वभागातल्या विणकरांच्या घरातली, घरी तेलुगू बोलणारी. सोलापुरात बाई नुसती स्कूटरवर दिसली तरी लोक वळून बघत, त्या काळात ही वडिलांच्या कारखान्याची जीप चालवायची. मागे चादरींचे गठ्ठे, पुढे ही. आमची कुठलीही सहल तिच्याच गाडीतून व्हायची. आम्ही तिघी कधी गाडी शिकलोच नाही, आणि ती आहे म्हटल्यावर शिकायची गरजही कधी वाटली नाही.

शनिवारी सकाळी ती दारात आली आणि नेहमीसारखं म्हणाली, "पुढं तू बस गं. तू पुढं असलीस की मला करमतं."

मागच्या दोघी लगेच म्हणाल्या, "बसू दे तिलाच. आम्हाला तिचं पाठांतर नको."

पाठांतर म्हणजे माझी पाट्या वाचायची खोड. तुम्हीही त्या खोडीची नक्कल करता. मला इंग्रजी शाळेत घातलं तेव्हा वडील टांग्यातून सोडायला यायचे आणि मराठी सुटू नये म्हणून वाटेतली प्रत्येक पाटी मोठ्याने वाचायला लावायचे. ती सवय या वयातही सुटलेली नाही. मंगळवेढ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत माझं सुरू होतं: पुढे गतिरोधक आहे, वाहने सावकाश हाका, येथे ताजे पेरू मिळतील. मागे बँकवाली सुनेच्या स्वयंपाकाविषयी सांगत होती. सगळं ठीक चाललं होतं.

मग मी तोंडात एक आवळासुपारी टाकली आणि थोडा वेळ गप्प बसले. एक गतिरोधक आला. पाटी होती, पांढरे पट्टे होते. गाडीचा वेग जराही कमी झाला नाही. आम्ही चौघी जागेवरून उडालो.

"अय्यो!" ती हसत म्हणाली. "सांगायचं नाही का गं?"

"मी काय सांगू? तू चालवतेयस ना!"

मागच्या दोघीही हसल्या. मीही हसले, पण हात आपोआप दरवाज्यावरच्या कडीकडे गेला.

मंगळवेढा मागे पडला आणि रस्त्यावर मेंढरं आली. चांगलं मोठं खांड, रस्ता अडवून निवांत चाललेलं. लांबून दिसत होतं, म्हणून मी काही बोलले नाही. ती हळू करील याची वाट पाहत राहिले. तिने केलीच नाही. शेवटी मी ओरडले, "अगं, मेंढरं! मेंढरं!" तेव्हा कुठे ब्रेक लागला. शेवटचं मेंढरू बॉनेटला घासून गेलं. मेंढपाळ काठी आपटत खिडकीशी आला.

"ओ बाई, डोळं घरी ठिवून आलाय व्हय?"

"तुझी मेंढरं रस्त्याच्या मधून कशाला नेतोस रे?" तीही कमी नव्हती.

"मधून न्हाय तर काय वरून नेऊ?"

मागच्या दोघी हसून हसून बेजार झाल्या. सांगोल्यापर्यंत त्यांना तेच एक वाक्य पुरलं. मला मात्र हसू येईना. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. ती समोर बघत नव्हती. मान किंचित तिरकी करून रस्त्याच्या कडेला बघत होती, भिंतीवरची पाल शोधताना आपण बघतो तसं.

सांगोला जवळ आल्यावर तिने विचारलं, "समोरच्या त्या बोर्डवर काय लिहिलंय गं?"

"कुठल्या?"

"तो काय, मोठा."

समोर बोर्ड नव्हता. रस्त्यात उसाचा ट्रॅक्टर उभा होता, दोन ट्रॉल्यांसकट, मागे दिवा नाही की लाल कापड नाही. आम्ही सरळ त्याच्यावर चाललो होतो.

"उजवीकडे घे," मी म्हटलं. आवाज शांत कसा राहिला देव जाणे. "आणखी उजवीकडे. हां. आता सरळ." तिने मी सांगितलं तसं केलं, एका अक्षराने काही न विचारता. ट्रॉलीतून बाहेर आलेले उसाचे शेंडे माझ्या काचेवर घासत गेले. मागे त्या दोघींचं मेंढरांवरून हसणं सुरूच होतं.

माझ्या पाट्या वाचण्यावर ती गाडी चालवत होती. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. तिथून बागेपर्यंत मी तोंड मिटलं नाही. बैलगाडी, खड्डा, मोटारसायकल, वळण, कुत्रं, जे दिसेल ते मोठ्याने सांगत राहिले.

"आज हिला फारच चढलीय," बँकवाली म्हणाली.

बाग सुरेख होती, पण हुरडा नव्हता. म्हणजे होता, पण जून. आम्हाला यायला आठवडाभर उशीर झाला होता. भाऊ-वहिनी कोणाच्या तरी लग्नाला निघून गेले होते. राखणदार कणसं भाजत होता आणि सारखं म्हणत होता, "दाणं घट्ट झाल्यात की ओ आता. चावतंय का बघा बरं." चौघींचे मिळून खरे दात किती असतील, तो हिशोब न केलेला बरा. आभाळ भरून आलेलं, थंडीही नव्हती. तरी बाकीच्या तिघी नेटाने खात होत्या, गाणी म्हणत होत्या, फोटो काढत होत्या. तो तुम्ही पाहिलेला फोटो तेव्हाचाच. त्यात मी कणीस हातात धरून हसतेय आणि मनात एकच चाललंय: उद्या परत याच गाडीतून जायचंय.

बघायला लागल्यावर सगळं दिसू लागलं. ती पायरी बघत नव्हती, पायाने चाचपत होती. चटणीची वाटी समोर असताना "चटणी द्या की गं कोणीतरी" म्हणत होती. दाण्यांतली कुसळं तशीच तोंडात जात होती आणि ती ठसकत होती. बाकीच्या दोघी म्हणत, "सावकाश खा गं, कोणी पळवत नाही."

संध्याकाळी बँकवालीने जाहीर केलं, "आता पुढच्या वर्षी गोवा. गाडीने! आपली ड्रायव्हर आहे तोवर काय काळजी?" सगळ्यांनी टाळ्या दिल्या. तिनेही दिली. तिचा हात बँकवालीच्या हाताच्या बाजूने हवेत गेला. त्याचाही मोठा हशा झाला.

रविवारी सकाळी ती बागेतल्या पाण्याच्या टाकीशी एकटी उभी दिसली. मी जवळ गेले.

"तुला दिसत नाही," मी म्हटलं. दुसरी कुठली सुरुवात सुचलीच नाही.

तिने टाकीत पडणाऱ्या पाण्याच्या धारेखाली हात धरला. मग म्हणाली, "दिसतं की. मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. तुझ्या कानाकडे बघितलं तर तुझं नाक दिसतं. नाकाकडे बघितलं तर तू नाहीसच."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"पडद्याचा मधला भाग गेलाय म्हणे. दोन्ही डोळ्यांचा. परत येत नाही."

"गाडीचं काय म्हणाले?"

"त्यांना कशाला विचारू? नको म्हणाले असते."

"आणि घरी?"

"घरी कळलं तर त्याच दिवशी किल्ली जाईल." तिचा मुलगा तुम्ही बघितलाय, मोठा व्यवस्थित माणूस. "मग मला कुठं जायचं तर सुनेला विचारा, तिला वेळ आहे का बघा. कुणी नेलं तर जायचं, आणलं तर यायचं. मी पार्सल आहे का गं?"

"म्हणून आम्हाला घेऊन निघालीस?"

"निघाले नसते तर हेही रद्द झालं असतं. परत. आणि तू पुढं बसणार होतीस. तू सांगतेस. तुझ्याबरोबर मला भीती वाटत नाही."

तिला भीती वाटत नव्हती! सगळी भीती माझ्या वाट्याला.

"आज शेवटचं," ती म्हणाली. "चाळीसच्या वर नेत नाही. तू बोलत राहा फक्त."

"नाही."

"मग त्या दोघींना सांगणार?"

मी विचार केला. त्यांना सांगितलं असतं तर दुपारपर्यंत सोलापूरभर झालं असतं. तिच्या मुलालाही तिसऱ्याच कोणाकडून कळलं असतं. "त्यांना काही सांगत नाही," मी म्हटलं. "ड्रायव्हर बोलावते. पण मुलाला तू सांगायचं. आज, घरी गेल्याबरोबर."

"सांगते," ती म्हणाली.

मी आत जाऊन इतर दोघींना म्हटलं, काल मेंढरांच्या वेळी मी फार घाबरले, माझं ब्लडप्रेशर वाढलंय, ड्रायव्हर आला तरच मी गाडीत बसेन. राखणदाराचा मेव्हणा दुधाचा टेम्पो चालवायचा, तो यायला तयार झाला. पण त्याला दुपारनंतरच वेळ होता, म्हणून जेवणानंतरचा वेळ नुसता वाट बघण्यात गेला. दोघी वैतागल्या.

"एका मेंढरापायी?" बँकवाली म्हणाली. "अगं, ते तुला बघून घाबरलं असेल!"

आणि सगळ्यात मोठ्याने गाडीवालीच म्हणाली, "ही पहिल्यापासूनच भित्री! शाळेत दोरीवरच्या उड्यांना सुद्धा रडायची." सगळ्या हसल्या. परतीच्या वाटेवरही तेच पुरलं. ती मागच्या सीटवर खिडकीशी बसली होती, हसत होती, आणि मला तिचं हसणं ऐकवत नव्हतं.

त्या दोघींना त्यांच्या दारात सोडून गाडी गाडीवालीच्या बंगल्याशी आली. मुलगा फाटक उघडायला बाहेर आला.

"ड्रायव्हर कशाला, आई?"

"हिला भीती वाटली," ती माझ्याकडे हात करून म्हणाली. तोही हसला. ड्रायव्हरने किल्ली त्याच्या हातात दिली, त्याने ती सहज आईच्या हातात ठेवली. मी गाडीशीच थांबले. आता सांगेल, आत जाताना सांगेल, असं वाटत होतं.

"बरं झालं वेळेत आलीस," मुलगा म्हणाला. "उद्या शाळेतून छोटीला तूच आण. माझी मीटिंग आहे, तुझ्या सुनेलाही सुट्टी नाही."

"आणते की," ती म्हणाली.

ती छोटी म्हणजे तिची नात, दुसरीत आहे. पुढच्याच सीटवर बसायचा हट्ट करते, हे मला माहीत होतं, कारण त्याचं कौतुक हीच आम्हाला सांगायची. तिने किल्ली पर्समध्ये टाकली आणि पर्सची चेन लावली. माझ्या डोळ्यांसमोर तो दिवा नसलेला ट्रॅक्टर उभा राहिला आणि शेजारच्या सीटवर ती मुलगी, जिला अजून जोडाक्षरं वाचता येत नाहीत.

"तिला पाठवू नकोस," मी मुलाला म्हटलं. "तुझ्या आईला समोरचं दिसत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय. काल आम्ही थोडक्यात वाचलो."

तो आधी हसला. त्याला वाटलं, माझ्या भित्रेपणाचीच पुढची गंमत चाललीय. मग त्याने आईकडे बघितलं. तिने नाही म्हटलं नाही. त्याने किल्लीसाठी हात पुढे केला. तिला तो हात दिसला नसावा, कारण तो तसाच राहिला. शेवटी त्याने हळूच तिची पर्स घेतली, उघडली, किल्ली काढली आणि पर्स परत तिच्या खांद्याला अडकवली. फार जपून केलं त्याने ते. ते जपणंच मला बघवेना.

तो गाडी आत घ्यायला गेला. आम्ही दोघी फाटकात राहिलो.

"झालं तुझं समाधान?" ती म्हणाली. "गेली आता तुझी भीती?"

"नाही," मी म्हटलं.

ते खरं होतं. रस्त्याची भीती गेली होती. तिच्या जागी दुसरीच आली होती, आणि ती फाटकाच्या गजावर हात ठेवून माझ्यासमोर उभी होती. ती वळली, वाट चाचपत आत गेली. मी रिक्षा केली. तिला अजून फोन केलेला नाही, तिनेही केलेला नाही. रोज सकाळी चहाच्या वेळी फोन हातात घेते. ती उचलणार नाही याची भीती वाटते, आणि उचललाच तर काय बोलेल, याची त्याहून जास्त.