याकोबरावांचा तांब्या

राळेगावकडच्या चर्चचे प्रचारक याकोबराव यांनी १९५८च्या वेचणीत गावकुसाबाहेरच्या तानाबाईला एक रीत शिकवली. बायबलातलं एकच वचन घ्यायचं, कापूस वेचता वेचता मनात घोळवायचं, त्यावरच प्रार्थना करायची.

आठवड्यानं ते आपला पाण्याचा तांब्या शेजारी ठेवून तिच्या ओसरीवर टेकले. "पुढचं वचन देऊ?"

"थांबा मास्तर, मी अजून त्या विहिरीपाशीच हाय. येशूनं परजातीच्या बाईले पाणी मांगतलं. मंग माह्या घरी येताना तुमी तांब्या काहून आणता?"

ती गोष्ट त्यांनी शंभरदा घडाघडा वाचली होती. बाप्तिस्म्याला वीस वर्षं झाली, पण जात तांब्यात भरून सोबत फिरत होती.

तांब्या त्यांनी अंगणात रिता केला. "पाणी दे, बाई."

तिनं आपल्या घरच्या पाण्याचा गडवा पुढं केला, तरी शरमेनं त्यांना मान वर करवेना.