माझ्याविरुद्धचं गाऱ्हाणं

"तिची वाट बांध रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आठ-दहा पुरुषांचे आवाज. आणि त्या सगळ्यांच्या वर एक बारीक आवाज. माझ्या मुलीचा.

देवळाच्या पायरीवर मी खाज्याची पुडी घेऊन उभी होते. आत माझे सासरे, आबा, देवासमोर उभे होते. नारळ हातात, धोतर कडक. गावचे मानकरी तेच, गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. "ह्या लेकराच्या आड जी कोण अवदसा येता, तिका हयसून भायर काढ रे म्हाराजा! तिच्या पायात काटो मोड रे म्हाराजा!" बाजूला माझी तनू. सहा वर्षांची. हात जोडलेले, डोळे घट्ट मिटलेले. "व्हय म्हाराजा!"

अवदसा म्हणजे मी. तिची आई.

गाऱ्हाणं संपलं. तनूने डोळे उघडले आणि मला पाहिलं. मी पुडी पुढे केली. तिने नाक दाबलं.

"माका हात लावू नको. तुझ्या हाताक म्हावऱ्याची घाण येता."

सासू हसली. "खरा बोलता गो बाय," असं म्हणाली आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तनूने पुडी पायाने उडवली. गुळाचं खाजं सभामंडपभर पांगलं आणि आबांनी गुरवाला सांगितलं, "झाडून काढ आणि पाणी शिंपड."

आमच्याकडे मूल बोलायला लागलं की देवापुढचा हा होकार आधी शिकतं. एकाने मागायचं, बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. तनूला तो मी शिकवला होता. मालवणात, नारळी पौर्णिमेला, माझे बाबा होडीच्या नाळेवर, तिच्या पुढच्या टोकावर, नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचे. ती माझ्या कडेवर बसून जोरात ओरडायची आणि सगळी वाडी हसायची. तोच शब्द. माझ्याच मांडीवर शिकलेला. त्यांनी तो उचलला, धार लावली आणि तिच्याच हातून माझ्या छातीत घातला.

मी गाबिताची, मासेमाराची मुलगी. आई बाजारात मासे विकते, आता मीही विकते. बाबा मच्छीमारांच्या लढ्यातले. परप्रांतीय ट्रॉलर आमची जाळी फाडून नेत तेव्हा ते बंदरावर पत्रकं वाटायचे. त्या पत्रकांवर मी अक्षरं गिरवली. "हक्क" हा शब्द मला "कमळ"च्या आधी वाचता यायचा. पुढे बी.ए. झाले आणि कट्टा गावाजवळच्या एका शिक्षकाच्या प्रेमात पडले. त्याच्या घरच्यांनी लग्न होऊ दिलं, पण मला शेवटपर्यंत मागच्या दारानेच घरात घेतलं. दुपारी त्यांच्या घरी सुरमई तळली जायची तेव्हा कुणाला वास येत नव्हता. वास फक्त विकणाऱ्या हाताला असतो.

तो मारायचा. आधी हाताने, मग पट्ट्याने. एकदा पोटावर लाथ बसली आणि मी चुलीपाशी पडले. तनू दारात उभी होती. त्या दिवशी मी तिला घेऊन माहेरी आले. तेव्हा ती चार वर्षांची होती.

दोन महिन्यांनी तो दारात आला. पांढरा शर्ट, मऊ आवाज. "चवथीक नेतंय तिका. गणपती पोचले की आणून सोडतंय." चतुर्थीला मुलीला बापाच्या घरी पाठवायची नाही असं कुठली आई म्हणेल? मी तिला नवा फ्रॉक घातला. गणपतींचं विसर्जन झालं. तनू आली नाही. मी गेले तर गेटला कुलूप आणि आतून सासूचा आवाज: "तुझा चेडू हय नाय. तुका तां वळखणा नाय."

मग कोर्ट. घरात मालवणीत आईबहिणीवरून शिव्या देणारा माणूस तिथे स्वच्छ पुस्तकी मराठी बोलला. "साहेब, मुलगी आईला घाबरते. आम्ही काहीच शिकवलेलं नाही." साहेबांनी रविवारची भेट ठरवली, दोघांना मान्य असेल अशा जागी. तो म्हणाला, आमच्या गावच्या देवळात. माझे वकील म्हणाले, भेट मिळतेय ना, मग जागेवरून वाद कशाला. आणि मलाही वाटलं, देवासमोर तरी ही माणसं मर्यादेत राहतील.

दर रविवारी मी बाजारातून सरळ निघायचे. निघण्याआधी हात धुवायचे. साबणाने, मग लिंबाने, मग घरून आणलेल्या चुलीतल्या राखेने. काट्यांनी बोटं चिरलेली असायची, लिंबू आत झोंबायचं. एसटीत हात नाकाशी धरून बघायचे. देवळात पोचले की आधी गाऱ्हाणं. ते ऐकल्याशिवाय भेट नाही. मग तनू खांबाला पाठ लावून उभी राहायची आणि पढवलेलं सगळं बाहेर यायचं.

"आजीन सांगल्यान, तू माका खाडयेत टाकूक नेलंस."

"कोणाक टाकूक? तुका?"

"व्हय. म्हणान आबांनी माका वाचवल्यानी."

दुसऱ्या रविवारी: "तू माका टाकून गेलंस." तिसऱ्या रविवारी ती थुंकली. माझ्या हातावर. तोच हात, जो मुठीत धरल्याशिवाय तिला झोप लागत नव्हती. तिचा बाप खांबाला टेकून मोबाइलवर सगळं चित्रित करत होता. मी रडले तर कोर्टात दाखवायचं की बाई वेडी आहे. ओरडले तर दाखवायचं की बाई हिंसक आहे. मी ती थुंकी पदराने पुसली.

पण सगळ्यात खोल सुरी नंतर लागली. तनू म्हणाली, "मी देवाक इचारलंय. देवान कौल दिल्यान, आईकडे जाव नको म्हणान."

त्यांनी तिला देवापुढे उभं केलं होतं. गुरवाने मूर्तीला पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर आई, डावी पडली तर आबा. आणि विचारायला लावलं तिलाच. डावी पडली. सहा वर्षांच्या पोरीने आईला गमावलं आणि वर तिलाच सांगण्यात आलं, हे तूच विचारलं होतंस.

त्या दिवशी घरी आले आणि कोयती उचलली. बांगडे कापायचे होते. पहिल्या घावाला मला बांगडा दिसला नाही. आबांची मान दिसली. दुसऱ्या घावाला त्याचा तो मोबाइल धरलेला हात. मी कापत राहिले. माशाचा चेंदा झाला, फळी चिरली, तरी थांबवेना. आईने येऊन माझं मनगट धरलं.

भाऊ म्हणाला, "ताय, तू फकस्त व्हय म्हण. चार पोरां घेतंय, रिक्षा लावतंय, चेडवाक उचलून घेवन येतंय. आडवो येयत तेची हाडां मोडतंय."

आई म्हणाली, "मारामारी नको. तिका तुझी पाठ दाखव. बापाशीन पट्ट्यान काय केल्यान ता बघांदे तिका."

दोघांचंही मला पटत होतं. खोटं कशाला सांगू. भावाचं तर फारच पटत होतं. पण तनूला उचलून रिक्षात कोंबली असती तर सासूने सांगितलेली गोष्ट खरी झाली असती: आई येते आणि पळवून नेते. आणि पाठ दाखवली असती तर मीही तेच केलं असतं जे ते करत होते. तिच्या तोंडात माझा शब्द, तिच्या हातात माझी सुरी. मी भावाला म्हटलं, "नाय." आईला म्हटलं, "तां माझा चेडू आसा, माझी कोयती नाय. पाठ मी साहेबांक दाखवीन."

पुढच्या रविवारी आबांनी नारळ उचलला आणि मी सभामंडपात चढले.

"थांबा."

"काय गो?"

"आज गाऱ्हाणां मी घालतंय."

एक म्हातारा खोकल्यासारखा हसला. आबांचा चेहरा काळा पडला. "बायलमाणसान गाऱ्हाणां घालूचा नाय! म्हावरा विकणाऱ्याची अवलाद, देवासमोर उभी ऱ्हवता! खाली उतर!"

मी हात जोडले. "बा देवा म्हाराजा! हय एक आवस उभी आसा. तिचा चेडू तिच्यापासून तोडला. ज्यांनी तोडला, ते तुझ्या उजवीक उभे आसत!"

कोणी होकार दिला नाही. आबांनी माझा दंड पकडला. मी तो हिसकावून घेतला. "लेकराच्या तोंडात ज्यांनी आवशीचो शाप घातलो, तेंका तू वळाखतस रे म्हाराजा!" मग मागून धक्का बसला. कपाळ दगडी खांबावर आपटलं. कानात समुद्र घोंगावला आणि भुवईवरून गरम काहीतरी डोळ्यात उतरलं. धक्का देणारा तनूचा बाप. आज मोबाइल खिशात होता.

मी उठले. लाल डोळ्याने देवाकडे पाहिलं आणि उरलेलं संपवलं. "तेंचा वायट कर म्हणान मी सांगणंय नाय. पण तो शाप माझ्या चेडवाच्या तोंडातना भायर काढ रे म्हाराजा!"

गुरव खाली बघत होता. म्हातारे खाली बघत होते. आबा ओरडले, "बंद करा ह्यो तमासो!" मग त्यांनी स्वतःच घाईघाईने सुरू केलं, माझ्या गाऱ्हाण्यावर पाणी फिरवायला. "ह्या अवदसेची वाट बांध रे म्हाराजा!"

पुरुषांनी पुटपुटत होकार दिला. बारीक आवाज आला नाही.

"बोल गो! व्हय म्हाराजा म्हण!"

तनू माझ्या कपाळाकडे बघत होती. ओठ आत दाबलेले. आबांनी तिच्या पाठीत थाप मारली. ती बोलली नाही. माझ्याकडेही आली नाही. आजीच्या पदरामागे गेली आणि तिथून एक डोळा बाहेर ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

तेवढंच. कुणी याला विजय म्हणू नये.

कपाळाला टाके पडले. वकील फोनवर म्हणाले, "देवळात असला प्रकार करायची काय गरज होती? माफी मागून टाका." मी फोन ठेवला आणि दुसरा वकील बघितला. कोर्टात मी साहेबांना पाठ दाखवली, कपाळ दाखवलं आणि एवढंच मागितलं: देऊळ नको. त्यांचा देव, त्यांचा खांब, त्यांचे म्हातारे नकोत. तनूचा बाप म्हणाला, "साहेब, ही बाई अंगात आल्यासारखी ओरडली." मी म्हटलं, "साहेब, अंगात काही आलं नव्हतं. शुद्धीवर होते." आता भेट कट्ट्याच्या एसटी स्टँडवर आहे. चारचौघांत, उघड्यावर.

ताबा कुणाला मिळेल ते ठाऊक नाही. तनू पुन्हा थुंकेल. त्यांच्याकडे आठवड्याचे सहा दिवस आहेत, माझ्याकडे एक दुपार. ती मोठी होऊन मला विचारेल तेव्हा मी काहीही लपवणार नाही. तोवर तिच्या बापाविरुद्ध एक शब्द तिच्या तोंडात घालणार नाही. माझी लढाई त्याच्याशी आहे, आबांशी आहे, त्या होकार देणाऱ्या म्हाताऱ्यांशी आहे. ती मी लढणार, माझ्या तोंडाने, माझ्या नावाने, मरेपर्यंत.

या रविवारी बाजार आटोपला की मी एसटी पकडणार. पाटी आईकडे देणार, पदर खोचणार आणि निघणार. लिंबू नाही, राख नाही. तनू नाक दाबेल. दाबू दे. तिच्या आईच्या हाताला असाच वास येतो, हे तिला माझ्याकडूनच कळायला हवं.

मी हात न धुता जाणार आहे.